नाव पाठवणार कोण? : ‘पुरस्कारांचा बाजार’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

संशोधकांना पैसे घेऊन पुरस्कार विकणाऱ्यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. फी घेणारा प्रत्येक पुरस्कार बोगस, हे माझं विधान सरसकट आहे. नोबेल आणि त्याच्या पंगतीतले पुरस्कार पाश्चात्त्य आपसातच वाटून घेतात, नोबेल न मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस हे त्याचं धडधडीत उदाहरण. आणि नागपुरातल्या कॉलेजात राबणाऱ्या प्राध्यापकाला ते दार कधी उघडणारच नसेल, तर त्याने काही हजार भरून एखादा ‘इंटरनॅशनल बेस्ट रिसर्चर’ घेतला म्हणून त्याला बोल लावू नये.

पहिला आक्षेप बरोबर आहे, चूक माझी. अमेरिकेत 1963 पासून चालत आलेला ‘आर अँड डी 100’ हा पुरस्कार प्रवेश फी घेतो आणि तो बोगस नाही. तिथे स्पर्धेत उतरतं ते नवं उपकरण किंवा तंत्र. फी अर्जासोबत भरायची असते आणि ती भरली म्हणून निवड होईलच असं नसतं. म्हणजे पैसे घेतात की नाही यापेक्षा कधी घेतात हे बघायला हवं होतं. आधी ‘आपली निवड झाली आहे’ असं कळवायचं आणि मग रक्कम मागायची, ही विक्री आहे.

तसा ईमेल एकदा नीट वाचून बघा. वर ‘डिअर एमिनंट रिसर्चर’. मग आपल्याच एका पेपरचं शीर्षक, कॉपी करून चिकटवल्यामुळे वेगळ्या फाँटमध्ये. खाली गटांची यादी: यंग सायंटिस्ट, बेस्ट रिसर्चर, लाइफटाइम अचीव्हमेंट. गट आपणच निवडायचा. जीवनगौरव स्वतःच निवडून घ्यायचा असेल तर निवड समितीला काम काय उरलं? पुढे शेवटची तारीख असते, ती उलटली की नवी येते. खऱ्या पुरस्काराचं चक्र ठरलेलं असतं, मानकरी मोजके असतात, आणि प्रत्येकाच्या नावापुढे कशासाठी दिला हे एका वाक्यात छापलेलं असतं. त्या वाक्याऐवजी नुसती नावं आणि फोटो असतील तर तिथेच थांबावं. परीक्षकांची नावं दिली असतील तर त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर जाऊन त्या पुरस्काराचा उल्लेख आहे का ते पाहावं. पुष्कळदा त्यांना न विचारताच नाव छापलेलं असतं. संकेतस्थळ कधी नोंदवलं गेलं ते ‘हू-इज’ या संकेतस्थळांच्या नोंदवहीत ऑनलाइन दोन मिनिटांत कळतं. पुरस्काराचं ‘पंधरावं वर्ष’ आणि संकेतस्थळाची नोंद मागच्या वर्षीची, असं दिसलं तर पुढचं तपासायची गरज नाही.

त्या प्राध्यापकांची टर उडवायचा माझा हेतू नव्हता. पदोन्नतीच्या फाइलला आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तक्त्याला पुरस्काराचा रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवायची भीती खरी आहे. फसवणूक विकणाऱ्याची आहे.

आता बोस. नोबेलची नामांकनं 50 वर्षं गुप्त राहतात, त्यानंतर बघता येतात. प्रकाशकणांची मोजणी नव्या पद्धतीने करणारा बोसांचा मूळ निबंध 1924 चा. त्यांचं नाव भौतिकशास्त्रासाठी गेलं 1956, 1959 आणि 1962 मध्ये, एकूण चार वेळा, आणि चारही नामांकनं भारतातून. म्हणजे पहिलं पत्र जायला 32 वर्षं लागली. ज्या आइन्स्टाइनने तो निबंध स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापवला, त्याचं नाव शिफारस करणाऱ्यांत नाही. समितीतर्फे ऑस्कर क्लाइन या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने कामाची तपासणी केली आणि ते नोबेलच्या तोडीचं नाही असं मत दिलं. ते मत मला चुकीचं वाटतं. 2001 चं नोबेल ज्या बोस-आइन्स्टाइन संघनितासाठी (अतिथंड केलेले अणू एकाच अवस्थेत येतात, त्यासाठी) दिलं गेलं, त्याचं मूळ त्याच 1924 च्या निबंधात आहे.

याच्या शेजारी सी. व्ही. रमण ठेवा. 1910 च्या सुमारास ते नागपुरातच सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते. गांधीसागर तलावाजवळच्या विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे. फेब्रुवारी 1928 मध्ये ‘रमण परिणामा’चा (पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, त्याचा) शोध लागला. मार्च संपायच्या आत त्यांनी ‘नेचर’ला टिपण पाठवलं, बंगळूरला व्याख्यान दिलं आणि ते छापून घेतलं. पुढच्याच वर्षी नील्स बोर यांनी त्यांचं नाव सुचवलं, 1930 मध्ये शिफारस करणाऱ्यांत रदरफर्डही आले, आणि त्याच वर्षी नोबेल मिळालं. परिणाम नवा होता आणि कोणत्याही प्रयोगशाळेत पडताळता येत होता, हा त्यातला मोठा भाग. पण ज्यांच्या हातात नामांकनाचं पत्र होतं त्यांच्यापर्यंत काम वेळेत पोचलं, हाही तेवढाच मोठा भाग आहे.

म्हणून भेदभाव नव्हता असं मी म्हणणार नाही. अणुविखंडनाचा उलगडा करण्यात वाटा असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ लीझा माइटनर यांचं नाव चाळीसहून जास्त वेळा सुचवलं गेलं, आणि अणुविखंडनाचं 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ओटो हान यांना मिळालं. नुसत्या नामांकनाने भागत नाही. पण नामांकनच नसेल तर समितीला अन्याय करायचीसुद्धा संधी मिळत नाही.

आणि दार बंद आहे हे सगळ्या पुरस्कारांच्या बाबतीत खरं नाही. विज्ञानातल्या नोबेलचं खरोखर अर्धं बंद आहे: आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात निमंत्रणं निघतात, निमंत्रण असेल त्यानेच 31 जानेवारीपर्यंत नाव पाठवायचं, स्वतःचं नाव पाठवलं तर धरतच नाहीत. (त्यामुळे ‘नोबेलसाठी नामांकित’ असा फ्लेक्स चौकात दिसला तर त्याला अर्थ नाही. विज्ञानाचं नामांकन 50 वर्षं उघड होत नाही. शांततेसाठी तर कुठल्याही देशाचा खासदार नाव पाठवू शकतो.) पण नॉर्वेचं गणितातलं आबेल पारितोषिक, जे 2007 मध्ये श्रीनिवास वरदन यांना मिळालं, त्यासाठी कोणीही नाव सुचवू शकतं. राजेंद्र सिंह यांना 2015 मध्ये मिळालेल्या स्टॉकहोम वॉटर प्राइझचंही तसंच. दोन्हीकडे फक्त स्वतःचं नाव चालत नाही. युनेस्कोचं विज्ञानप्रसारासाठीचं कलिंग पारितोषिक, 1996 चे मानकरी आपले जयंत नारळीकर, त्याची शिफारस देशाच्या राष्ट्रीय आयोगामार्फत जाते. म्हणजे तिथे दिल्लीपर्यंत कागद हलवावा लागतो.

नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), कापूस संशोधन संस्था, व्हीएनआयटी आणि एलआयटी ही तंत्रशिक्षणाची केंद्रं ज्या नागपुरात आहेत, तिथे पाणी, सांडपाणी, कापूस यांवर आयुष्य घातलेली माणसं कमी नाहीत. त्यांच्यासाठी सहकाऱ्याने किंवा जुन्या विद्यार्थ्याने बसून फाइल लिहावी लागते, आणि ती बिघडते ठरावीक ठिकाणी.

सर्वांत मोठा दोष म्हणजे बायोडेटाच शिफारस म्हणून जोडणं. 180 पेपर, 22 पीएचडी, अमुक समित्यांचं सदस्यत्व. समितीला हवं असतं एक वाक्य: या व्यक्तीने काय केलं, जे आधी होत नव्हतं आणि आता होतं. ते वाक्य दोन ओळींत बसेना तर नाव पाठवायची घाई करू नये. आधी त्या पुरस्काराची मागच्या दहा वर्षांची मानपत्रं वाचून काढावीत, समिती कशाला मान देते ते त्यात स्वच्छ दिसतं. मग तीन ते पाच पेपर किंवा पेटंटं, आणि प्रत्येकापुढे त्याचा वापर दुसऱ्या कोणी केला ते: कुठल्या प्रकल्पात, किती क्षमतेच्या, कोणत्या सालापासून सुरू आहे.

दुसरा दोष शिफारसपत्रांचा. संचालकांचं, कुलगुरूंचं आणि विभागप्रमुखांचं पत्र, तिन्हींची भाषा एक, कारण मसुदा एकानेच केलेला. तिन्ही मिळून एका पत्राएवढंही वजन पडत नाही. आबेलच्या नामांकनात कामाचं आणि त्याच्या प्रभावाचं वर्णन मागतात आणि स्वतंत्र मत देऊ शकतील अशा तज्ज्ञांची नावं मागतात. स्वतंत्र म्हणजे एकत्र पेपर न लिहिलेला, शक्यतो परदेशातला. आणि चमूचं काम असेल तर कोणाचा वाटा कोणता हे आधीच, लेखी, सगळ्यांच्या संमतीने ठरवावं. नोबेलमध्ये एका पारितोषिकाला तीनच नावं चालतात. चौथ्या नावावरून विभागात अबोला धरण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

घड्याळाचंही सांगतो. आबेलची मुदत 15 सप्टेंबर. तेव्हा नॉर्वेत उन्हाळी वेळ असते, त्यांची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. जानेवारीत हाच फरक साडेचार तासांचा होतो. शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नये, कारण बाहेरच्या तज्ज्ञाला होकार द्यायलाच तीन-चार आठवडे लागतात. सप्टेंबरची मुदत असेल तर ते एका वाक्याचं काम मे महिन्यात, उन्हाळी सुट्टीत उरकावं.

मूळ लेखातलं फीबद्दलचं वाक्य आपल्या आक्षेपानंतर बदललं आहे. बोसांबद्दलचा परिच्छेदही वरच्या तारखांसह तिथे जोडला आहे.