आजीला कुणी विचारलं होतं?

परवा मावशीने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "बाळंतिणीचं डिप्रेशन हे परदेशी फॅड. आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, कुणाला काही झालं नाही. हल्ली दवाखान्यात 'जीव द्यावासा वाटतो का' असं विचारून नसतं खूळ डोक्यात घालतात. मग गोळ्या, मग दूध बंद. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी पुरे." त्या ग्रुपवर माझी धाकटी बहीणही आहे, पाच आठवड्यांची बाळंतीण. तिने त्यावर अंगठा टाकला. म्हणून लिहितेय.

परदेशी? गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयातल्या आयांचा, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच होत्या. कारणं काय सापडली? गरिबी, उपासमार, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून. यातलं परदेशी काय आहे? आज्यांच्या वेळी 'बाहेरचं झालंय' म्हणून अंगारा लावत, एवढाच फरक.

आता ते 'खूळ'. बाळंतिणीला नैराश्य असेल का हे चाचपायला दवाखान्यात विचारतात ती एडिंबरा प्रश्नावली १९८७ ची. दहा प्रश्न, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल. रविवारी बहिणीशेजारी बसून मी ते मराठीत विचारले. पूर्वीसारखं हसू येतं का, यावर ती म्हणाली, "ताई, हसण्यासारखं काय आहे?" दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिने मांडीवरच्या दुपट्याची घडी मोडली, घातली, परत मोडली. मग म्हणाली, "येतं मनात. कुणी विचारलंच नाही." मी काही घातलं नाही तिच्या डोक्यात. ते आधीच तिथे होतं, आणि ती ते एकटी घेऊन बसली होती. (तिला विचारूनच हे लिहितेय.)

गोळ्यांचं म्हणाल, तर सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध अंगावर पाजतानाही डॉक्टर देतात. दुधात ते फार कमी उतरतं. सगळ्यांना गोळी लागतेच असंही नाही.

एक मात्र मान्य करते. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. गुण जास्त आले तर डॉक्टरने नीट बोलून ठरवायचं, आणि पुढे ती सोयच नसेल तर कागद भरून घेऊन उपयोग नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं, हेही खरं. बहिणीचं ओसरलं नव्हतं. सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. ज्यांना लगेच जाता येत नाही त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

मावशी, तो मेसेज काढून टाक. लाडू घेऊन जरूर ये, आणि रात्री दोन तास बाळाला तू घे. तिला झोपू दे.