पेनड्राइव्ह काढायचाय, पन्हाळा सर करायचा न्हाई!

"ओढ की बाहेर, काय हुतंय लगा!" राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्यापासनं भाच्यापर्यंत सगळे हेच. व्हय, तुमचं काय जातंय, अर्धी कॉपी झालेली फाइल माझी उडते! मला काय पेनड्राइव्हवरचा त्यो लाइट लुकलुकताना दिसतोय? म्हणून कोपऱ्यातल्या आयकॉनांवर जायला विंडोज आणि बी ही बटणं दाबायची, मग बाण, बाण, परत बाण, पडद्यावरचं बोलून सांगणारा स्क्रीन रीडर वायफाय सांगतो, बॅटरी सांगतो, आवाज सांगतो, आणि इजेक्टचं, म्हंजे पेनड्राइव्ह सुरक्षित काढायचं आयकॉन जाऊन बसलंय लपलेल्यांच्यात, ते गावलं एकदाचं की एंटर, तर म्हणे डिव्हाइस वापरात आहे! कोण वापरतंय बाबा? सगळं बंद केलंय की! विंडोज 10च्या 2018च्या अपडेटपासनं क्विक रिमूव्हल, म्हंजे इजेक्ट न करता काढायची सोय, आपोआप चालू हाय, मान्य, पण कॉपी संपली का न्हाई हे कोण सांगणार, अंबाबाई? तेवढ्यात रंकाळ्याला चक्कर मारून येतो माणूस.