सापळे लावून बीव्हरचा प्रश्न का मिटत नाही

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बर्फ वितळून नाले भरून वाहू लागले की दरवर्षी एक मजकूर नव्याने फिरू लागतो. हल्ली तो आपल्या मराठी ग्रुपवरही येतो, कारण घरामागे तळं किंवा ओहोळ असलेल्या वस्त्यांमध्ये आपली बरीच कुटुंबं राहतात. त्यात तक्रार असते ती बीव्हरची: झाडं कुरतडून ओढ्यांवर काड्या-चिखलाचे बांध घालणारा हा पाण्यातला मोठा कृंतक प्राणी, आणि बांधामागे साचतं ते तळं. मजकुराचा सारांश असा: १९९६ साली प्राणिप्रेमींनी सापळ्यांवर बंदी आणली. त्यामुळे राज्यातले बीव्हर पाच वर्षांत २४ हजारांवरून ७० हजारांवर गेले. रस्ते आणि बेसमेंट पाण्याखाली जातात, पण टाउनचे, म्हणजे स्थानिक प्रशासनाचे, हात बांधलेले आहेत. नदीनाल्यांत पुन्हा मोकळेपणाने सापळे लावू द्या, एका हंगामात प्रश्न मिटेल. शिवाय नव्या सापळ्यांत प्राण्याला त्रास होत नाही, आणि बीव्हर मासे संपवतो, पाणी दूषित करतो, अशी पुरवणीही असते.

ज्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आहे त्यांचा संताप मला समजतो, त्यांचं नुकसान खरं आहे. पण हा मजकूर त्यांना चुकीचा उपाय सुचवतो आणि त्यासाठी हजारो प्राण्यांचा जीव मागतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी हात बांधलेले असण्याबद्दल. १९९६ च्या सार्वमताने पाय पकडणारे आणि शरीर आवळणारे सापळे बंद झाले, हे खरं. पण २००० साली विधिमंडळाने त्या कायद्यात दुरुस्ती केली, ते या मजकुरात कधीच नसतं. विहिरीत किंवा सांडपाण्याच्या सेप्टिक टाकीत पाणी शिरत असेल, सार्वजनिक रस्ता बुडत असेल, म्हणजे माणसाच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, तर गावच्या बोर्ड ऑफ हेल्थकडून (आरोग्य मंडळाकडून) दहा दिवसांचा तातडीचा परवाना मिळतो. त्यावर बंदी असलेला लोखंडी सापळासुद्धा लावता येतो, बांध फोडता येतो, तळ्याचं पाणी उतरवायला पाइप टाकता येतो. धोका टळला नाही तर मुदत वाढवून मागता येते. याशिवाय १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या हंगामात परवानाधारक माणूस पिंजऱ्याचे, म्हणजे जिवंत धरणारे आणि बंदी नसलेले, सापळे लावू शकतो. खऱ्या संकटासाठी रस्ता गेली वीसहून अधिक वर्षं उघडा आहे. ही मागणी संकट नसतानाही सापळे लावता यावेत म्हणून आहे.

आता आकड्यांकडे येऊ. बंदीनंतर वाढीचा वेग वाढला, हे मी नाकारत नाही. पण त्या २४ हजारांपर्यंत आपण कसे पोहोचलो? या राज्यात १७५० च्या सुमारास बीव्हर पूर्ण नष्ट झाले होते. १९२८ मध्ये वेस्ट स्टॉकब्रिजला ते पुन्हा दिसले. १९५२ पासून कायदेशीर हंगाम ठरवून सापळे लावले जात होते. म्हणजे शून्यापासून २४ हजारांपर्यंतच्या वाढीचा मोठा भाग सापळे चालू असतानाच झाला आहे.

आणि बीव्हर आधी संपले कसे आणि मधल्या त्या पावणेदोनशे वर्षांत काय झालं, ते नीट पाहायला हवं, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे. कनेटिकट नदीकाठचं स्प्रिंगफील्ड विल्यम पिंचन यांनी १६३६ मध्ये वसवलं तेच बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारासाठी. युरोपात बीव्हरच्या लोकरीपासून केलेल्या टोप्यांना प्रचंड मागणी होती आणि इथल्या ओढ्यांतून कातडी जहाजं भरून जात होती. बीव्हर संपले, त्यांचे बांध कुजून फुटले, तळ्यांच्या जागी गाळाची सपाट, सुपीक जमीन उघडी पडली. त्या जमिनीवर शेतं झाली, रस्ते झाले आणि नंतर आपल्यासारख्यांची घरं झाली. रस्त्याखालच्या मोऱ्या किती रुंद हव्यात, हे बीव्हर नसलेल्या काळातला प्रवाह बघून ठरलं. आज जिथे पाणी चढतं त्यातल्या कितीतरी जागा मुळात पाण्याच्याच होत्या. बीव्हर परत आला आहे तो त्याच्या जुन्या खोऱ्यांत.

म्हणूनच ‘एका हंगामात मिटेल’ हे वाक्य मला सर्वांत खोटं वाटतं. बीव्हर कुटुंबाने राहतो: नर-मादी, यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीची. दोन वर्षांची झाली की वसंत ऋतूत पिल्लं घर सोडून नवी जागा शोधत प्रवाहाने फिरतात. मंद उताराचा ओढा, काठाला विलो आणि अ‍ॅस्पेन, वर एक अरुंद मोरी, जिचं तोंड थोड्याशा काड्यांनी बुजवता येतं: अशी जागा त्यांना हवीच असते. तिथलं एक कुटुंब मारलं की जागा रिकामी होते आणि फिरतीवरचं दुसरं जोडपं ती धरतं. कधी त्याच वर्षी, कधी पुढच्या. मग पुन्हा सापळेवाला, पुन्हा बिल. ज्या गावांत दर दोन-तीन वर्षांनी त्याच मोरीपाशी सापळे लागतात, तिथे हे लोकांच्या डोळ्यांसमोर घडतं, तरी दर वेळी नवं संकट आल्यासारखी चर्चा होते.

यावर पाइप आणि जाळीचा उपाय सुचवला की उत्तर येतं: ‘बीव्हर आठवड्यात बुजवून टाकेल.’ नुसता पाइप बांधात खुपसला तर नक्कीच बुजवेल. ते का, हे लार्स विल्सन या स्वीडिश अभ्यासकाने दाखवलं. वाहत्या पाण्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून ऐकवला तर बीव्हर त्या आवाजावर काड्या-चिखल रचतात, पाणी प्रत्यक्ष वाहत नसलं तरी. म्हणजे पाणी कुठून निसटतंय ते त्याला कळूच नये, अशी रचना हवी. पाइपचं आत शिरण्याचं तोंड बांधापासून दूर, तळ्याच्या खोल भागात, जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवतात. तिथे ना आवाज होतो, ना ओढ जाणवते. पाइपची उंची ठरवली की तळ्याची पातळी ठरते. मोरीसाठी वेगळी युक्ती आहे: तोंडासमोर लांब घेराचं जाळीचं कुंपण. बीव्हर त्याच्या कडेने बांधायला लागला की मोरीपासून लांब जात राहतो. स्किप लायल यांनी १९९० च्या दशकात मेन राज्यात पेनॉबस्कॉट आदिवासींच्या जमिनीवर ही पद्धत घडवली. व्हर्जिनियात महामार्गांलगतच्या त्रासदायक जागांवर असे पाइप बसवून हिशेब मांडला गेला, तेव्हा खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे आठ डॉलर वाचल्याचं दिसलं, कारण रस्ते दुरुस्त करणं आणि पुन्हापुन्हा सापळे लावणं, दोन्ही थांबलं. वर्षातून काही वेळा जाळीवरचा कचरा काढावा लागतो, हे खरं. मोरी तशीही साफ करावीच लागते.

त्रास न होण्याच्या दाव्यावर थांबून बोलायला हवं, कारण चांगली माणसं त्याच एका वाक्यामुळे निर्धास्त होतात. शरीर आवळणारा सापळा, म्हणजे ३३० क्रमांकाचा कोनिबेअर, पाण्याखाली वाटेवर लावतात. प्राणी सरळ आत आला आणि चौकट मानेवर बसली तर मरण लवकर येतं. तिरका आला, फटका कमरेवर किंवा पोटावर बसला, तर तो पाण्याखाली अडकून राहतो. बीव्हर पंधरा मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. ती मिनिटं त्याची कशी जात असतील, याचा विचार करा. शिवाय सापळ्याला प्राणी ओळखता येत नाही. त्याच वाटेने जाणारं पाणमांजरही त्यात मरतं.

आणि ज्यांना वाटतं की पिंजऱ्यात धरलेला बीव्हर लांबच्या जंगलात सोडतात, त्यांनी हे आवर्जून वाचावं: मॅसॅच्युसेट्समध्ये बीव्हर एका जागेहून दुसऱ्या जागी हलवणं बेकायदेशीर आहे. पिंजऱ्यातला बीव्हर मारलाच जातो. टाउनच्या सभेत ‘पिंजरा’ ऐकून हात वर करणाऱ्या अनेकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. कॅलिफोर्नियाने वेगळा रस्ता धरला. तिथे २०२३ च्या शरद ऋतूत राज्याच्या वन्यजीव विभागाने मैदू आदिवासींच्या सोबतीने सात बीव्हरांचं एक कुटुंब पर्वतातल्या कुरणात नेऊन सोडलं. इथला कायदा बदलायचाच असेल तर त्या दिशेने बदलण्यासाठी मी सही करेन.

मासे संपवण्याचं लवकर आटोपते. बीव्हर शाकाहारी आहे. साल, पानं, कोवळ्या फांद्या, कमळाची मुळं हे त्याचं खाणं. बांधामुळे माशांची वाट काही ठिकाणी अडते, विशेषतः समुद्रातून चढून येणाऱ्या हेरिंगची, आणि तिथे बांधाला खाच पाडून देतात. उलट ओरेगॉनच्या ब्रिज क्रीकमध्ये बीव्हरसारखे बांध माणसांनी घातले, त्यांच्या जोरावर बीव्हरांनी आपले घातले, आणि स्टीलहेड ट्राउट या माशाची पिल्लं वाढली.

पाण्याबद्दल म्हणाल तर जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी बीव्हरमध्ये असू शकतो. तो कुत्र्यांत, गुरांत आणि माणसांतही असतो. ओढ्याचं पाणी न उकळता पिऊच नये, बीव्हर असो वा नसो. पण ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेलं गणित या मजकुरात का नसतं? आपलं राज्य ज्यात येतं त्या दक्षिण न्यू इंग्लंडच्या ग्रामीण खोऱ्यांत बीव्हरची तळी प्रवाहातला ५ ते ४५ टक्के नायट्रोजन काढून टाकू शकतात. आपल्या लॉनवरचं खत आणि सेप्टिकचा झिरपा खाडीपर्यंत पोहोचून शेवाळ माजवतो. ते बीव्हर वाटेतच थोपवतो.

सापळा कधीच नको, असं मी म्हणत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फुएगोत, १९४६ साली कॅनडाहून वीस बीव्हर आणून सोडले. तिथली लेंगाची झाडं कुरतडल्यावर विलोसारखी पुन्हा फुटत नाहीत, आणि जंगलंच्या जंगलं मेली. तिथे अर्जेंटिना आणि चिली त्यांना काढायला निघाले आहेत ते योग्यच आहे. इथेही एखादी जागा इतकी सपाट आणि घरांना इतकी लागून असते की पातळी चार बोटंसुद्धा चढू देता येत नाही. तिथे परवाना घ्यावा, आणि पिल्लं दूध पीत असतात ते महिने शक्यतो टाळावेत.

बाकीच्या ठिकाणी टाउनकडे मागणी करायची ती पाइप-जाळीच्या तरतुदीची आणि मोऱ्या बदलताना त्या रुंद करण्याची. पाइप टाकायला टाउनच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनची, म्हणजे पाणथळ जागा जपणाऱ्या समितीची, मंजुरी लागते आणि तिला वेळ जातो. बीव्हर सर्वांत जोमाने बांधतो ते पानगळीच्या दिवसांत, थंडीच्या तयारीसाठी. म्हणून अर्ज उन्हाळ्यातच द्या. सोबत मोरीचे आणि पाण्याच्या पातळीचे तारीख घातलेले फोटो जोडा.