सायकलची ट्यूब आणि 120 बार

पावसाळा सरला की कोकणात चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ काढायला प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या पाण्याने धुणारी मशीनं, बाहेर निघतात आणि त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. ‘वॉशरचा पाइप फुटला? फेकू नका! एम-सील, सायकलची ट्यूब आणि दोन क्लिपा, 20 रुपयांत काम. शेवटी पाण्याचाच पाइप आहे, दुकानदार उगाच नवा घ्यायला लावतो.’ आमच्या वाडीच्या ग्रुपवर यंदा तो तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणारे आमचे काकाच होते, म्हणून तिथे गप्प बसलो.

‘शेवटी पाण्याचाच पाइप आहे’ इथेच सगळी गफलत आहे. गच्चीवरची टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर नळाला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप) दाब मिळतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. घरगुती वॉशर मात्र 100 ते 130 बारवर चालतो. बागेतला पाइप आणि हा पाइप फक्त वरून सारखे दिसतात. फुटलेला तुकडा आडवा कापून बघा. आत पाणी नेणारी नळी, तिच्यावर स्टीलच्या तारेची किंवा चिवट धाग्याची घट्ट वीण, आणि त्यावर काळं आवरण. दाब सोसते ती मधली वीण. आवरणाचं काम विणीला घासण्यापासून आणि गंजण्यापासून जपणं, एवढंच. त्यामुळे वरून काहीही गुंडाळलं तरी तुटलेली तार काही जुळत नाही. शिवाय आतली नळी एकीकडे फाटते आणि पाणी आवरणाखालून सरकत दुसरीकडेच बाहेर पडतं. तुम्ही ट्यूब बांधता ती जागा मुळात दुखण्याची असेलच असं नाही.

एम-सीलचा यात दोष नाही. टाकीच्या किंवा लोखंडी पाइपच्या गळतीला ते उत्तम, कारण ती वस्तू हलत नाही. हा पाइप दर वेळी हातातल्या गनचा चाप दाबला-सोडला की फुगतो, आखडतो, पीळ खातो. वाळून दगड झालेला लेप त्याच्याबरोबर कसा हलणार? तडकतो.

आता क्लिपांची गोष्ट. हे शहाणपण मी स्वतः करून बसलोय. उंदराने कुरतडलेला भाग कापून टाकला, मधे पितळी जोड घातला, दोन्हीकडे स्क्रूच्या क्लिपा पिळून आवळल्या. पहिली दोन मिनिटं झकास चाललं. मग चाप सोडला मात्र, आणि फट्ट आवाज होऊन एक टोक निसटलं, सापासारखं उसळून समोरच्या तुळशीवृंदावनावर आपटलं. तिथे कुणी नव्हतं, हे नशीब. नंतर कागदावर हिशेब मांडला. पाइपचा आतला व्यास 6 मिलिमीटर धरला तर 120 बारला जोड ओढून काढणारा जोर जवळजवळ 34 किलोंचा भरतो. म्हणजे तांदळाचं भरलेलं पोतं त्या दोन क्लिपांना लटकलेलं, आणि चाप सोडला की वर एक हिसका. त्या क्लिपा कमी दाबाच्या पाण्या-हवेच्या पाइपांसाठी असतात.

मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ मात्र शेवटची आहे: ‘मशीन सुरू करून जोडावर हात फिरवून गळती तपासा.’ हे कृपा करून कुणीही करू नका. बारीक छिद्रातून या दाबाला सुटलेलं पाणी हिशेबाने ताशी 500 किलोमीटरच्या वर जातं. ते कातडीवर उडत नाही, आत घुसतं. वरून सुई टोचल्यासारखा ठिपका, सुरुवातीला दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र पाणी आणि घाण बोटाच्या स्नायुबंधांच्या कडेने पसरलेली असते. असं झालंच तर तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘हाय प्रेशरचं पाणी आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे, नाहीतर तेही ठिपका बघून पट्टी बांधतील. जेसीबीच्या पाइपांवर काम करणारी मुलंसुद्धा गळती शोधताना हाताऐवजी पुठ्ठा धरतात. आणि मशीन बंद केलं म्हणजे दाब गेला असं नाही. तो पाइपात कोंडलेला राहतो. पाइपला हात लावण्याआधी बटण बंद, प्लग काढलेला, नळ बंद, आणि मग चाप दाबून उरलेलं पाणी सोडून द्यायचं.

टेफ्लॉन टेपचाही सल्ला त्यात आहे. वॉशरच्या बहुतेक जोडांत पाणी आट्यांवर अडत नाही, आतल्या ओ-रिंगवर, म्हणजे रबराच्या गोल कडीवर, अडतं. ती चपटी झाली, चिरली की जोडातून पाणी झिरपतं. आट्यांवर कितीही टेप गुंडाळा, उपयोग शून्य. पण इथे मेसेज अर्धा खरा ठरतो, कारण गळती पाइपला नसून टोकाच्या जोडाला असेल, तर काम खरंच किरकोळ पैशांत घरी होतं. जुनी रिंग काढा, खोबण पुसा, त्याच मापाची नवी रिंग बसवा. पाइप फुटला म्हणून दुकानात धावण्याआधी हे बघावंच.

दुकानदारावरचा राग मला थोडा पटतो. फुटलेला भाग टोकाजवळ असेल, तर तेवढा कापून नवं टोक मशीनवर दाबून बसवता येतं. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रोलिक पाइप बनवणारे हे क्रिम्पिंग करतात, आणि नवा पाइप विकणारा ते आपणहून सांगत नाही. माझा पाइप मात्र तिथल्या माणसाने बोटांत फिरवून बघितला, कॅलिपर लावला आणि परत दिला. बारीक, प्लास्टिकचा, त्याच्याकडची टोपणं त्याला सैल होत होती. “दाबून देईन, पण टिकणार नाही. मग मलाच शिव्या,” म्हणाला.

नवा घेतला. नेताना जुन्याची दोन्ही टोकं घेऊन गेलो होतो, ते बरं झालं. 22 मिलिमीटरच्या आट्याच्या जोडात आतला दांडा कुठे 14, कुठे 15 मिलिमीटरचा असतो. आटे बसतात, पाणी मात्र गळतं. दुकानदाराने आधी दुसराच काढून ठेवला होता.