वझराला निघताना आकाश पणजीचं बघावं

सांजांवाच्या सणाला विहिरीत उड्या मारून झाल्या, गोव्यात पाऊस स्थिरावला, आता रविवार मोकळे आहेत. तेव्हा धबधब्याला जाऊ या. आम्ही सत्तरी तालुक्यात त्याला वझर म्हणतो. तुम्ही वॉटरफॉलच म्हणा, रीलखाली लिहायला बरं पडतं. दर पावसाळ्यात तुमच्या गाड्या दारावरून जाताना बघतो, त्या अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी सांगतो.

निघण्याआधी हवामान बघायचं, पण पणजीचं. मिरामारला ऊन पडलं की समजावं, सगळीकडे ऊन आहे. चोर्ल्याचं पठार समुद्रापासून आठशे मीटर उंच, ढग आधी तिथे आपटतो आणि आमच्या वाळपईच्या बाजूला किनाऱ्यापेक्षा जास्त पाऊस ओततो, हे शाळेत शिकला असाल. शाळेत शिकलेलं रविवारी आठवायचं नसतं.

दूधसागरचा प्रश्न जरा नाजूक आहे. तीनशे दहा मीटर उंचीचा तो प्रपात जुलैत ऐन भरात येतो आणि नेमकी तेव्हाच कुळेंहून जाणारी जीप बंद. वाटेत ओढे आहेत आणि ओढ्यांना पाणी असतं, एवढ्याशा कारणासाठी! आपण रूळ धरावेत. कुळें ते कॅसलरॉक हा सदतीस फुटांना एक फूट चढणारा रेल्वेघाट आहे, बोगद्यांतून जातो, आणि मालगाडी चढवायला जादा इंजिनं जोडावी लागतात. बोगद्यात अंगावर गाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं आणि आपण सडपातळ आहोत अशी श्रद्धा ठेवावी. २०२३ च्या जुलैत असे रुळावरून निघालेले हौशी लोक रेल्वे पोलिसांना सापडले, त्यांनी सगळ्यांकडून उठाबशा काढून घेतल्या. जिमवाले याचे पैसे घेतात. गाडीत बसूनही तो धबधबा खिडकीतून दिसतो, पण खिडकीतून बघितलेल्याला कोण ट्रेक म्हणतो?

त्याच महिन्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले. बंदीचा बोर्ड दिसला की आधी त्याच्यासोबत फोटो काढा, मग बाजूच्या पायवाटेने आत शिरा. नाक्यावर तिकीट, वाटाड्या, लाइफ जॅकेट असं काही सांगितलं तर ‘आम्ही इथलेच’ म्हणा. म्हापशाचा माणूससुद्धा म्हादईच्या जंगलात इथलाच असतो.

आता मुख्य विषय, पाण्यात उतरणं. धबधब्याखाली जो खोल डोह असतो त्याला आम्ही कोंड म्हणतो. वरून पडणारं पाणी दगडगोटे गरगर फिरवतं, ते गोटे कातळ खरवडत राहतात, आणि शेकडो वर्षांनी रांजणासारखा खड्डा तयार होतो. काठावर पाणी घोट्याएवढं, पुढच्या पावलाला तळच नाही. तुम्हाला पोहता येतं म्हणता? उत्तम. मग जिथे पांढराशुभ्र फेस आहे तिथेच उडी घ्या. फेस म्हणजे निम्मी हवा. हवा माणसाला उचलून धरत नाही, त्यामुळे स्विमिंग पूलमधला तरबेज गडी इथे दगडासारखा खाली जातो. वर यायचा प्रयत्न केला की वरून कोसळणारं पाणी पुन्हा कातळाकडे ओढतं. व्हिडिओत मात्र हे सगळं फार मोहक दिसतं.

आणि कृपा करून पाण्याकडे लक्ष देऊ नका. मी दिलं नव्हतं, म्हणून सांगतो. तेव्हा मी पंचविशीत होतो, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, मधल्या खडकावर भाकरी-सुकटीचा डबा उघडून बसलो होतो, डोक्यावर लख्ख ऊन. मघाशी तळ दिसत होता ते पाणी हळूहळू चहासारखं झालं. म्हटलं, माती आली असेल. मग सुकी पानं आली, काटक्या आल्या, एक अख्खी केळ वाहत आली. मग आवाज बदलला. खळखळ बंद होऊन खालून जात्याची घरघर यावी तसं झालं. ते तळातले धोंडे हलत होते. तेव्हा उठलो. वर चोर्ल्याला तासाभरापूर्वी पाऊस कोसळून गेला होता, उभ्या डोंगरावरून ते पाणी खाली यायला किती वेळ लागणार? मी काठाला पोचेस्तोवर खडक गेला, डबा गेला, डाव्या पायातला बूटही गेला. ज्याला रील करायची आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. पानं दिसली की कॅमेरा काढा.

जळवांचं विशेष काही नाही. ती चावलेली कळत नाही, रक्त गोठू देत नाही, मोजा लाल झाला की समजायचं. बाटल्या तिथेच टाका, काचेच्या असतील तर फोडून टाका. आमची गुरं अनवाणी फिरतात, त्यांनाही काही रोमांच हवा. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवलेला दगड दिसला तर त्यावर बसू नका म्हणणार होतो, पण बसण्यासारखा सपाट दगड तेवढाच असतो.

आणि शेवटच्या दुकानातल्या काकीचं तर मुळीच ऐकू नका. वझराकडे वळायच्या आधी तिचं दुकान लागतं: सोडा, बिस्किटं, मिरचीची भजी. भजी तळतातळता ती डोंगराकडे बघते आणि म्हणते, “वयर पावस लागला, आज नाका.” वर निळं आभाळ दिसत असतं. तुम्ही हसता, ती सोड्याचं बूच काढते. त्या दिवशी मीही हसलो होतो.

दुकानामागच्या कुंपणावर तिच्या घोवाने व्हाळातून गोळा केलेल्या चपला-बूट वाळत टांगलेले असतात. सगळे एकेरी. महागातले आहेत काही. माझाही होता, डावा, नऊ नंबर, पट्टी तुटलेला. पंधरा दिवसांनी मागायला गेलो तर काकीने आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, “उजवा दाखय.”