चरणजित सिंग यांनी ॲसिड हाऊस शोधले नाही

एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘ॲसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोत जन्मला, हे खोटे आहे. तो मुंबईत जन्मला. चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३ या यंत्रावर दहा राग वाजवले आणि शिकागोवाल्यांनी पाच वर्षांनी तेच उचलून नाव कमावले.’

त्यातले साल बरोबर आहे, यंत्राचे नाव बरोबर आहे आणि ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी खरोखरच विलक्षण आहे. बाकीचे मात्र एकेक करून तपासायला हवे, कारण भलत्याच गोष्टीसाठी पाठ थोपटली की माणसाने प्रत्यक्षात काय केले तेच दिसेनासे होते.

आधी याच्या अगदी उलट्या टोकाची अफवा निकालात काढू. २०१० साली ही एलपी पुन्हा निघाली तेव्हा काहींनी ती बनावट ठरवली होती. इंग्लंडच्या एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने गुपचूप करून तिला जुन्या भारतीय तबकडीचे सोंग दिले, असे बोलले गेले. ते साफ खोटे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढलेल्या मूळ प्रती संग्राहकांकडे आहेत. सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले मुरलेले वादक. आर. डी. बर्मन आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी वाजवले होते, चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही आधी काढल्या होत्या. उतारवयात त्यांनी युरोपच्या रंगमंचांवर हेच संगीत प्रत्यक्ष वाजवून दाखवले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता मुख्य दावा: ‘३०३ वर राग वाजवले.’ सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

एलपीवर रोलँड कंपनीची तीन यंत्रे आहेत. टीआर-८०८ ठेका धरते. टीबी-३०३ खालची, खर्जाची ओळ धरते. आणि राग वाजतो तो ज्युपिटर-८ वर, एका वेळी आठ सूर देणाऱ्या सिंथेसायझरवर, हाताने. हे असेच असणे भाग होते. ३०३ ला एका सप्तकाच्या तेरा पट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या वाजवण्यासाठी नाहीत, सूर भरण्यासाठी आहेत. एका नमुन्यात सोळा घरे, एका वेळी एकच सूर. नमुना सुरू झाला की तो फिरत राहतो. रागाची बढत, म्हणजे एखाद्या सुराभोवती रेंगाळून हळूच पुढच्या सुराला हात घालणे, सोळा घरांच्या चक्रात मावत नाही.

मालकंसाचे उदाहरण घ्या. पेटीवरची पांढरी एक हा सा धरला तर कोमल ग काळी दोनवर, म पांढरी चारवर, कोमल ध काळी चारवर आणि कोमल नी काळी पाचवर येतो. ३०३ मध्ये हे दोन फेऱ्यांत भरावे लागते. पहिल्या फेरीत नुसते सूर, क्रमाने, विरामांशिवाय. दुसऱ्या फेरीत सोळा घरांचा हिशेब: या घरात नवा सूर, या घरात मागचाच सूर लांबवायचा, या घरात गप्प. यंत्र पहिल्या यादीतला एकेक सूर उचलून दुसऱ्या यादीतल्या ‘नवा सूर’ असलेल्या घरांत क्रमाने टाकत जाते. चूक नेमकी इथे होते. जिथे विराम हवा तिथे सूर पडला, की तिथून पुढचे सगळे सूर एक जागा सरकतात. सूर मालकंसाचेच राहतात, पण मध्यमावर यायचा ठोका गंधारावर येतो आणि राग ओळखू येईनासा होतो. म्हणून घरी कुणी ३०३ च्या नकलेवर हा प्रयोग करणार असेल तर आधी सोळा घरे कागदावर मांडावीत, विराम मोजावेत आणि मगच सूर भरावेत.

मग मींड? ३०३ वर ‘स्लाइड’ आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येते, पण त्या घसरणीला किती वेळ लागावा हे बदलण्याची सोय नाही. लगतच्या सुरावर जायचे असो की चार सूर ओलांडून, ती तेवढ्याच झटक्यात होते. मींडेचा जीव तर तिच्या वेळात असतो. ज्युपिटर-८ वर पोर्टामेंटोची, म्हणजे अशाच घसरणीची, गती कमी-जास्त करता येते, आणि या एलपीतली वरची सुरावट सुरांमधून जी ओघळत जाते ती या सोयीमुळे. सिंग यांनी कोणते काम कोणत्या यंत्राला द्यायचे हे ओळखले, हे त्यांचे खरे कसब. ‘३०३ वर राग वाजवले’ म्हटले की तेच पुसले जाते.

अर्थात ज्युपिटरलाही मर्यादा आहे. पट्ट्यांचे सूर समान अंतराचे. तोडीचा गंधार गवयी जितका उतरवून लावतात तितका तो पट्टीवर मिळत नाही. ललितातले दोन मध्यम मात्र पांढरी चार आणि काळी तीन असे शेजारीशेजारी तयार सापडतात. भैरव, भूपाली, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, बैरागी हे बाकीचे राग. प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे. तालाच्या जागी ८०८ चा डिस्को ठेका आहे, चारही मात्रांवर सारखा ठोका. तबला त्यांनी मुद्दाम काढून टाकला होता. त्या काळी हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती, ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षे झाली होती. रागांना तोच ठेका दिला तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी एलपीच्या नावातच लिहून ठेवले आहे. नावात डिस्को आहे. हाऊस नाही.

‘पण आवाज तर तोच आहे!’ आहे, कारण यंत्र तेच आहे. त्या चिवचिवणाऱ्या, ओल्या, चावऱ्या आवाजाचे कारण ३०३ च्या अंतरंगात आहे. फिल्टर म्हणजे आवाजातला वरचा भाग कापणारी चाळणी, कटऑफ म्हणजे ती जिथून कापते ती जागा. रेझोनन्स वाढवला की फिल्टर त्या जागेजवळच्या आवाजाला टोक काढतो. एखाद्या घरावर ‘ॲक्सेंट’, म्हणजे जोर, दिला की सूर नुसता मोठा होत नाही, फिल्टरही जास्त उघडतो आणि लगेच मिटतो. लागोपाठच्या घरांवर ॲक्सेंट दिले तर वीज साठवणारा एक कपॅसिटर पुरता रिकामा होण्याआधीच पुन्हा भरला जातो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला आवाज आणखी वर चढतो. हे कुणाच्याही हातात यंत्र दिले तरी होणार. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूसने ‘रिप इट अप’मध्ये आणि इटलीच्या अलेक्झांडर रोबॉटनिकने १९८३ च्या ‘प्रोब्लेम दामूर’मध्ये ३०३ वापरले. त्यांनाही कुणी ॲसिड हाऊसचे जनक म्हणत नाही.

ॲसिड हाऊस ज्यामुळे ॲसिड झाले ती गोष्ट वेगळी आहे. फ्यूचर या शिकागोच्या त्रिकुटाची, म्हणजे डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ऐका. बारा मिनिटांच्या आसपास एकच छोटा नमुना फिरत राहतो. वर सुरावट नाही. बदलतो तो फक्त कटऑफ, रेझोनन्स आणि इतर नॉब फिरवणारा हात. सूर स्थिर आणि नादाचा रंग चालता, ही त्यांची कल्पना. सिंग यांच्या एलपीतही फिल्टर हलल्याचे ऐकू येते, पण तिथे तो खालचा पट आहे आणि कान वरच्या रागाकडे ओढला जातो.

राहिला चोरीचा आरोप. चोरीला वाट तरी हवी. सिंग यांची एलपी भारतातच फारशी खपली नाही. २००२ साली दिल्लीत ती एडो बाऊमन या डच संग्राहकाच्या हाती लागली आणि त्यांच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती २०१० साली पुन्हा काढली, तेव्हा जगाने ती ऐकली. शिकागोत ३०३ पोचले ते वेगळ्याच कारणाने. गिटारवाल्यांना सरावासाठी बेसची साथ म्हणून रोलँडने १९८१ साली ते आणले, बेससारखे ते वाजेना, १९८४ साली बंद केले. नको असलेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि फारसे पैसे नसलेल्या पोरांना ती परवडली. मुंबईत सिंग यांनी ते घेतले तेव्हा ते बाजारातले नवेकोरे यंत्र होते, फ्यूचरच्या हाती आले तेव्हा टाकून दिलेले. तो नमुना टेपवर घेऊन ते म्युझिक बॉक्स क्लबमध्ये रॉन हार्डी या डीजेकडे गेले, त्याने तो पुन्हा पुन्हा लावला, आणि १९८७ साली ट्रॅक्स रेकॉर्ड्सने तबकडी काढली. त्यामागे डीजे फ्रँकी नकल्सच्या वेअरहाऊस क्लबपासून चालत आलेली कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी नर्तकांची रात्रजागरणे होती. डिस्कोला अमेरिकेत हिणवून हाकलले गेले तेव्हा त्या लोकांनी तो ठेका जिवंत ठेवला. त्यांना चोर म्हणणे हा उघड अन्याय आहे.

तपासायचे असेल तर हेडफोन लावा आणि एलपीतला मालकंस सुरू करा. पहिल्या फेरीत फक्त खालची ओळ ऐका, सोळा घरे बोटांवर मोजा, ती कुठे पुन्हा सुरू होते ते पकडा. दुसऱ्या फेरीत ती सोडून द्या आणि ज्युपिटर मध्यमावर किती वेळा येऊन थांबतो ते पाहा. लगेच ‘ॲसिड ट्रॅक्स’ लावून वरची सुरावट शोधा. सापडणार नाही.