दुसरी सही

आमच्या शेजारच्या अक्कांना दोन वर्षांपूर्वी मनोविकारतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांच्या भावासोबत मीही गेलो होतो. सोलापूरच्या पूर्व भागातले हे पद्मशाली कुटुंब असल्यामुळे अक्कांचे बोलणे सगळे तेलुगूत. चार दिवस त्यांनी घरचे अन्न घेतले नव्हते आणि ‘भातात विष आहे’ एवढेच त्या सांगत होत्या. पहिल्या डॉक्टरांनी सारे प्रश्न भावाला मराठीत विचारले आणि अक्कांना संमतीशिवाय दाखल करावे, असे मत नोंदवले. बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेलेली मी पाहिली होती, त्यामुळे त्यांना दोष देववत नाही.

मात्र 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 नुसार एकाच मतावर असे दाखल करता येत नाही. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. आजार गंभीर असून रुग्णाने नुकताच स्वतःला किंवा इतरांना धोका निर्माण केला आहे, किंवा त्याला स्वतःची काळजी घेणेच जमत नाही, अशी दोघांचीही खात्री व्हावी लागते. मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची, आणि रुग्ण स्त्री असल्यास, अशा दाखल करण्यावर देखरेख ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला 3 दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. (आमच्याकडे मात्र ‘दाखल’ म्हटले की लोकांना अजून थेट येरवड्याचे मनोरुग्णालयच आठवते.)

माझ्या मते या तरतुदीचा सारा जीव ‘स्वतंत्रपणे’ या एका शब्दात आहे. दुसरी सही करणाऱ्याने पहिल्याचा कागद वाचून मान डोलावली, तर तपासणी एकदाच झाली असे म्हणावे लागेल. सक्ती कधीच नको, असे मी म्हणणार नाही. जीव द्यायला निघालेल्या माणसापुढे चर्चा करत बसता येत नाही. परंतु कलम 4 प्रमाणे माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते, आणि त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरवता येत नाही. घरचे सांगतात ती माहिती महत्त्वाची खरी, पण ती रुग्णाची बाजू नव्हे.

दुसऱ्या डॉक्टरांनी भावाला बाहेर बसवले आणि तेलुगू येणाऱ्या सिस्टरना बोलावून घेतले. भावजय भातात गोळी चुरून कालवते, घास कडू लागतो, असे अक्कांनी शांतपणे सांगितले. भावाला आत बोलावून विचारले, तेव्हा त्याने खाली बघत ते कबूल केले. जुन्या चिठ्ठीवरच्याच गोळ्या होत्या, अक्का त्या घेत नाहीत म्हणून चोरून देत होते. आजार होता, औषधाची गरजही होती, पण अन्न नाकारण्याचे कारण भ्रम नव्हते. गोळी हातावर दिली तर घ्याल का, असे डॉक्टरांनी विचारले. ‘घेईन, पण भात वेगळा वाढा,’ अक्का म्हणाल्या. दाखल त्या झाल्याच, मात्र कलम 86 खाली, स्वतःच्या संमतीने. फॉर्मवर तेलुगूत एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली.